कफवाल्या बायांची उसनवारी

काही वर्षांपूर्वी हेड ऑफिसातून एक मुलगी आमच्या कारखान्यात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलायला गोड. शिलाईच्या लाईनवर एकेका बाईपाशी ती उभी राहायची आणि टॅब पुढं करायची. त्यावर पाच चेहरे काढलेले. पहिला रडका, दुसरा जरा कमी रडका, असं करत करत शेवटचा बत्तिशी दाखवणारा. प्रश्न एकच, तुम्ही आपल्या कामात किती समाधानी आहात? आमच्या बायांनी एकजात बत्तिशीवाला चेहरा दाबला. मुलगी हरखून गेली. म्हणाली, मॅडम, असा रिझल्ट मला कुठंच मिळाला नाही.

ती गेल्यावर मी लाईनवरच्या निर्मलाला धरलं. म्हटलं, "काय वं, कालच तं नोकरी सोडतो म्हणत होतीस, आज हसरं तोंड कसं काय दाबलं?"

निर्मला म्हणाली, "मॅडम, सकायच्या पारी रडक्या तोंडाले हात लावला तं दिवस कसा जाईन माहा?"

त्या पाहणीचा अहवाल पुढं हेड ऑफिसात कौतुकानं दाखवला गेला म्हणे. असो. अमरावतीच्या एमआयडीसीतल्या शर्टाच्या कारखान्यात मी आधी मशीनवर आणि नंतर सुपरवायझर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त झाले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, कारखान्यातल्या ताणतणावावर लिहा. हा शब्द मी नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्याकडं "डोक्शाले ताप" म्हणतात, आणि तो कुणाला नाही? तेव्हा ताणतणावावर भाषण देण्यापेक्षा कफवाल्या बायांची गोष्ट सांगते. त्यातून ज्याला जे घ्यायचं ते घ्यावं.

शर्ट एक शिंपी शिवतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आधी थोडं कामाबद्दल. कारखान्यात एक शर्ट तीस-चाळीस हातांतून जातो. कुणी फक्त कॉलर करतं, कुणी खिसा लावतं, कुणी जन्मभर काज करतं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे येतात, त्यांना बंडल म्हणतात. आपलं काम झालं की बंडल आपल्या ट्रेमध्ये टाकायचं, हेल्पर येऊन ते पुढच्या बाईकडं नेते. दर तासाला सुपरवायझर म्हणजे मी प्रत्येकीचा ट्रे मोजायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर नावापुढं आकडा लिहायची. टार्गेट पूर्ण झालं तर हिरव्या पेननं, नाही झालं तर लाल. फळा सगळ्यांना दिसेल असा लावलेला. शाळेत नापास झालेल्या पोराचं नाव असं भिंतीवर लिहिलं तर आई-बाप भांडायला येतील. इथं ते रोज तासातासाला चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, सवय झाली होती.

कफ म्हणजे बाहीच्या टोकाची, मनगटावरची दुहेरी पट्टी. ते करणाऱ्या सात बाया एका ओळीत बसायच्या. त्यांच्यात एक जुनी रीत होती. उसनं देण्याची. घरी साखर संपली की आपण शेजारणीकडून वाटीभर आणतो ना, तसं. एखादीचं लेकरू तापानं फणफणलेलं असलं, एखादीची पाठ धरली, एखादीची रात्र भांडणात गेली, की तिचा हात त्या दिवशी चालत नाही. मग बाजूची बाई आपलं झालेलं बंडल टेबलाखालून पायानं तिच्या ट्रेमध्ये सरकवायची. घेणारीचा आकडा हिरवा राहायचा, देणारीचाही जेमतेम हिरवा. पुढं कधी देणारीची पाळी आली की तिकडून बंडल यायचं. कुणी कुणाला किती दिलं याची बोलाचाली कधी झाली नाही. एकूण कफ तेवढेच व्हायचे, कंपनीचा एका धाग्याचाही तोटा नव्हता. सुपरवायझर म्हणून मी ते थांबवायला हवं होतं. मी डोळ्यांवर कातडं ओढलं, कारण मशीनवर असताना मीही अशाच उसन्या बंडलांवर दिवस काढले होते. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

कोण कुणाला देणार हे ठरायचं जेवणाच्या सुट्टीत. सातही जणी झाडाखाली गोल बसायच्या, डबे उघडायच्या. आंबाडीची भाजी, मिरचीचा भुरका, भाकर. तोंडानं बोलणं भलतंच चालू असायचं, कुणाची सासू, कुणाची सीरियल. मधेच निर्मला म्हणायची, "आज मी पाहतो हिच्याकडं, तू उद्या पाय." झालं, ठरलं. निर्मला त्यांच्यातली सगळ्यात चपळ. तिचे हात मशीनच्याही पुढं धावायचे आणि तोंड हातांच्या पुढं.

सगळ्यात हळू शोभा. ती तिवस्याहून कंपनीच्या बसनं यायची. पूर्वी तिचाही हात चांगला होता. पण कफ शिवला की उलटवावा लागतो, आणि त्याचे कोपरे अंगठ्यानं दाबून बाहेर काढावे लागतात. दिवसभर तेच. वर्षानुवर्षं कोपरे काढून तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला विश्रांती द्या. शोभा मला म्हणाली, "मॅडम, अंगठ्याले घरी ठेवून मी एकटी कामाले येऊ काय?"

तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हापासून ती भावाकडं राहायची. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण त्या घरात तिच्याशी बोलणं म्हणजे कामापुरतं. चहा ठेव, दळण आण, दार लाव. लाईनवर मात्र शोभा वेगळीच बाई होती. साहेब लोकांच्या नकला करायची, माझीही करायची. मी चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडं चष्मा शोधते ती नक्कल मला स्वतःला पाहावी लागली आहे. रविवार तिला जड जायचा. एकदा मी विचारलं, पगारातलं तुला काय उरतं? म्हणाली, "काई नाई उरत. पन मी पगारासाठी थोडीच येतो? मी ह्यायच्यासाठी येतो," आणि तिनं कफच्या ओळीकडं हात केला. शोभाच्या नोकरीत काय पणाला लागलं होतं, ते एवढंच होतं.

अशात नवे मॅनेजर आले. खोडके साहेब, अकोल्याचे, चाळिशीचे. शिकलेले, सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत. दुष्ट माणूस असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांचा फोन सतत वाजायचा. ज्या कंपनीला शर्ट जायचे तिथून फोन, हेड ऑफिसातून फोन. फोन ठेवला की ते खिशातून ॲसिडिटीची गोळी काढून चघळायचे. त्यांचा डबा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत तसाच बंद असायचा. आमच्या फळ्यावर दर तासाला आकडा लिहिला जायचा, त्यांचा फळा त्यांच्या मोबाईलमध्ये होता, एवढाच फरक.

त्यांनी दोन बदल केले. पहिला, जेवणाची सुट्टी तोडली. सगळी लाईन एकदम थांबते त्यात वेळ जातो, म्हणून दोन-दोन जणींनी पाळीपाळीनं जेवायचं. दुसरा, त्यांनी जाहीर केलं की पुढचे पंधरा दिवस आकडे बघू, आणि कफमध्ये जी सगळ्यात खाली राहील तिला कमी करू. सात जणींचं काम सहांत होतं, असा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, साहेब, असं जाहीर करू नका, बाया घाबरतील. ते म्हणाले, "गवई मॅडम, थोडं प्रेशर असलं की माणूस चांगला परफॉर्म करतो. मीही तसाच करतो." आणि गोळी तोंडात टाकली.

सगळ्यात खाली कोण राहणार हे लाईनला माहीत होतं. शोभालाही. तिनं नकला बंद केल्या. बसमध्येही ती खिडकीकडं तोंड करून बसते असं मला बाकीच्यांनी सांगितलं. मला वाईट वाटलं. पण मला वाटलं, बाया बघून घेतील.

बायांनी बघितलंच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आधी ठरायचं जेवताना. आता सातही जणी एकत्र जेवतच नव्हत्या. मशीनवर बोलायची सोय नाही, आवाज केवढा, आणि वर कॅमेरे. मग प्रत्येकीनं आपल्या मनानं ठरवलं, बाकीच्या आपल्या भीतीत असतील, आपल्यालाच शोभीकडं पाहावं लागेल. डावीकडून बंडल आलं, उजवीकडून आलं. पलीकडच्या बायांनी हेल्परच्या हाती पाठवलं. आणि निर्मलानं तर दिलदारीची हद्दच केली. शोभा काय करणार? ती मान खाली घालून शिवत होती, ट्रे भरत होता. तिला वाटलं एकटी निर्मलाच देतेय. तासातासाचा आकडा लिहिण्याच्या नादात माझ्याही ध्यानात आलं नाही, तेराव्या दिवशी सगळ्या आकड्यांवरून एकत्र नजर फिरवली तर शोभाच्या नावापुढं सगळं हिरवंगार. मी पाणी प्यायच्या निमित्तानं निर्मलाला गाठलं.

"अवं, पुरे कर! शोभाचा आकडा तुह्यावर गेला."

"माह्यावर कसा जाईन? मी तं तासाले दोन-चारच देऊन राहिली."

"अन् बाकीच्या?"

निर्मलाचे डोळे मोठे झाले. "बाप्पा! त्याबी देऊन राहिल्या काय?"

तोवर पाणी डोक्यावरून गेलं होतं. मी बाकीच्यांना आवरायच्या आत खोडके साहेबांनी आकडे हेड ऑफिसला पाठवायला सुरुवात केलेली होती, आणि पंधरा दिवस संपले तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान. म्हणाले, मॅडम, बघा, प्रेशरनं माणूस कुठल्या कुठं जातो. शोभा इंगळे, सगळ्यात वर. हेड ऑफिसनं विचारलं आहे, ही बाई कोण? अकोल्याला आपलं नवीन युनिट सुरू होतंय, तिथल्या मुलींना शिकवायला अशीच ऑपरेटर हवी. ट्रेनर म्हणून बढती देतोय.

मी विचारलं, "आणि सगळ्यात खाली?"

"निर्मला," ते म्हणाले. "वाटलं नव्हतं, पण आकडे आकडे असतात. ही बाई बोलतेच फार."

मला हसावं की रडावं कळेना. कारखान्यातली सगळ्यात चपळ बाई सगळ्यात खाली, कारण तिनं सगळ्यात जास्त दिलं. मी म्हटलं, साहेब, निर्मलाचं मशीन बरोबर नाही, ते बदलून द्या आणि मग तिचा आकडा बघा. मशीन धडधाकट होतं. पण शोभा जाणार म्हटल्यावर सातांच्या सहा आपोआपच होत होत्या, त्यामुळं त्यांनी ऐकलं. मग मी म्हटलं, शोभालाही इथंच राहू द्या, तिकडं दुसरी कुणी पाठवा. त्यावर ते हसले. "मॅडम, चांगली माणसं कुणालाच सोडवत नाहीत. पण तिच्या प्रगतीच्या आड येऊ नका."

शोभाला बातमी कळली तेव्हा तिचा चेहरा पाहवला नाही. बाया टाळ्या वाजवत होत्या, साहेबांनी पेढे आणले होते. ती मला जिन्यापाशी घेऊन गेली.

"मॅडम, मले नाई जायचं अकोल्याले. मी साहेबाले सांगून टाकतो का ते कफ माहे नाईत."

"सांग. पण मग ते विचारतील, कोणाचे? निर्मला जाईल, आणि तिच्यासोबत अजून दोघी-तिघी."

तिनं जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाली, "म्हंजे ह्यायले वाचवायचं तं ह्यायलेच सोडून जा लागते."

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचीही तिला सोय नव्हती. ती अकोल्याला गेली.

पुढं चार-सहा महिन्यांनी अकोल्याच्या युनिटचं काम बघायला मला पाठवलं. नवी इमारत, स्वच्छ फरशी, भिंतीवर हसऱ्या कामगारांची चित्रं. शोभाला काचेची केबिन होती. अंगावर ट्रेनरचा निळा कोट, पगार वाढलेला, राहायला कंपनीची खोली. मुलींना ती शिकवायची आणि तासातासाला त्यांचे आकडे लिहायची. ती लाईनवर आली की मुली बोलणं थांबवायच्या. तेच तिच्या जिव्हारी लागलं होतं. "मी येतो अन् मशीनचाच आवाज राह्यते," ती म्हणाली. डबा ती केबिनमध्ये खायची, ट्रेनरनं ऑपरेटरसोबत जेवायचं नाही असा तिथला नियम. मी म्हटलं, तुझी तब्येत तर सुधारली आहे. तिनं उजवा हात पुढं केला, अंगठा हलवून दाखवला. सूज पार उतरलेली.

"हात बरा झाला, मॅडम. आता तरी मले लाईनवर बसवा."

परत आल्यावर मी खोडके साहेबांशी बोलले. ते चक्रावले. वरून खाली यायचा फॉर्मच आमच्याकडं नाही, म्हणाले. आणि खरंच नव्हता. वर जायची शिडी कंपनीनं केली होती, उतरायची सोय ठेवली नव्हती. मी शोभाला फोनवर तसं सांगितलं. तिनं फक्त "बरं" म्हटलं. पंधरवड्यात तिनं अकोल्याची नोकरी सोडली.

आणि मग एका सोमवारी ती आमच्या गेटवर दिसली. नव्या भरतीच्या रांगेत. पुढं-मागं वीस-बावीस वर्षांच्या पोरी, मधे ही. तेव्हा सणासुदीच्या ऑर्डरमुळं कफमध्ये पुन्हा सातवी बाई घ्यायची होती. नव्या भरतीला मशीनची परीक्षा असते. ठरलेल्या वेळात ठरलेले कफ शिवून, उलटवून दाखवायचे. परीक्षा मी घ्यायची. त्या दिवशी खोडके साहेब स्वतः येऊन उभे राहिले. इथं कुणाचा पाय कुणाच्या ट्रेपर्यंत पोचणार नव्हता. नापास झाली असती तर अकोल्याचीही गेली आणि इथलीही नाही, भावाच्या घरात दिवसभर दळण आणि चहा. मी घड्याळ लावलं.

शोभा शिवत राहिली. घाई केली नाही, एकदा दोरा तुटला तो शांतपणे ओवला. वेळ संपायला आली तेव्हा शेवटचा कफ उलटवून तिनं ढिगावर ठेवला. मी एकेक तपासला. सगळे नीट होते. पास. जेमतेम, पण पास.

खोडके साहेब त्या ढिगाकडं बघत होते. ही त्यांची बेस्ट ऑपरेटर. विश्रांती घेतलेला, बरा झालेला हात, आणि तरीही वेग असा चारचौघींसारखा. आकड्यांचा माणूस, त्यांना तेव्हाच सगळं उमगलं असणार. मी वाट बघत होते की ते आता विचारतील. त्यांनी दुसरंच विचारलं.

"बाई, तिकडं पगार जास्त होता, खोली होती, मान होता. इथं नवीन मुलीच्या पगारावर यायचं, वर रोज बसची दगदग. कशासाठी?"

शोभा उठून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, तिकडं मी दोन दिवस तापानं पडली होती. तिसऱ्या दिवशी गेली तं कोनीच नाई विचारलं, काल काहून नाई आली म्हून. इथं एक दिवस नाई आली तं ह्या बाया माह्या भावाच्या दारात उभ्या राह्यतीन."

साहेबांनी कागदावर सही केली. त्यांची केबिन कोपऱ्यात होती, तिकडं ते चालत गेले आणि दार लावून घेतलं. शोभा आपल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली. निर्मला रडली, आणि रडताना शिव्या देत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खोडके साहेबांनी नोकरी सोडली. कारण कुणाला सांगितलं नाही. पुढं कळलं, अकोल्यात चुलतभावासोबत दुकानात बसतात. हेड ऑफिसनं दुसऱ्याच आठवड्यात नवा माणूस पाठवला. जेवणाच्या सुट्टीचा आदेश कुणी मागं घेतला नाही, पण नव्या माणसाला तो माहीतच नव्हता, त्यामुळं बाया पुन्हा झाडाखाली बसू लागल्या. निवृत्त व्हायच्या आधी मीही त्यांच्यात जाऊन बसायची. अशाच एका दुपारी मी खोडके साहेबांनी नोकरी सोडल्याचं बोलले. म्हटलं, माणूस चांगला होता, कसा काय एकाएकी गेला कोण जाणे.

शोभानं हातातला घास तसाच ठेवला.

"जातो म्हनले तवा त्यायले कोनी थांबा म्हटलं काय, मॅडम?"

मी आठवून पाहिलं. राजीनामा दिल्यावर ते आठवडाभर येत होते. मी रोज त्यांच्या केबिनवरून जात होते.

"नाही," मी म्हटलं.

"मंग काय तं," शोभा म्हणाली. "जाईनच ना मानूस."